कागद स्वच्छ आहे

३ फेब्रुवारी

वहिनी,

साष्टांग घालायला कंबर वाकत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार. फोन करणार होते, पण फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला भांडण होतं आणि तिसऱ्या मिनिटाला तू ठेवून देतेस. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होतं.

पित्ताशयात खडे निघालेत. तीन. रात्री-अपरात्री पोटात कळ येते आणि मी भिंतीला पाठ लावून बसून राहते. सर्जन म्हणाले, पिशवीसकट काढून टाकू, दोन-अडीच महिन्यांच्या वर लांबवू नका. माणूस बरा वाटला. तो विम्याचं कार्ड घेतो, हॉस्पिटलही घेतं. फॅक्टरीने निवृत्तीनंतर दिलेलं ते कार्ड पहिल्यांदा कामी येणार म्हणून मी खूश होते. तर खिडकीतली बाई म्हणते, "भूल देणारे डॉक्टर कार्ड घेतात का, ते तुमचं तुम्ही बघा." म्हटलं, अहो, ते तुमच्याच हॉस्पिटलातले ना? तर म्हणे, "ते आमच्याकडे असतात, पण आमचे नाहीत." घ्या! भाडेकरू आहेत का?

मग सुरू झाली वरात. विमा कंपनीला फोन केला तर म्हणतात हॉस्पिटलला विचारा. हॉस्पिटल म्हणतं कंपनीला विचारा. पाच दिवस मी टोलवाटोलवीत घालवले. फोनमध्ये ते संगीत लागतं ना, ते आता मला झोपेतही ऐकू येतं. शेवटी एका सज्जन मुलीने कंपनीच्या पॅनेलवरची यादी वाचून दाखवली. या हॉस्पिटलात भूल देणारे तिघे. एक कार्ड घेत नाही. दुसऱ्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. उरला एक. त्याचा दवाखाना नाही, पाटी नाही, भेटायची वेळ नाही. हॉस्पिटलच्या आतच असतो म्हणे. ज्याच्या हातात मी जीव देणार, त्याचं तोंडही मला ऑपरेशनच्या टेबलावर पडल्यावर दिसणार.

त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय. तू जन्मभर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काम केलंस, तुला हे कुठे आणि कसं तपासायचं ते माहीत. डिग्री खरी आहे का, कुणाची तक्रार आहे का, सगळं बघ. मी पंचवीस वर्षं शिवलेले कपडे उलटे करून टाके तपासले. वरून काय, सगळंच छान दिसतं.

दादाच्या वेळी आपण भूल देणाऱ्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. साधं हर्नियाचं ऑपरेशन, त्यात काय विचारायचं, म्हणून गप्प बसलो. तो उठलाच नाही. वहिनी, मला कापण्याची भीती नाही. मला झोपवण्याची भीती वाटते. तेवढं बघ.

बेबी


१४ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

तुझं पत्र वेळेवर मिळालं. उत्तराला उशीर झाला, गुडघा धरला होता.

तू दिलेलं नाव तपासलं. मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरवर आहे. क्रमांक जुळतो. एम.बी.बी.एस. आहे, त्यावर भूलशास्त्राची पदवी आहे, दोन्ही मान्य कॉलेजांच्या. नोंदणीचं नूतनीकरण झालेलं आहे. तक्रारीचा रकाना रिकामा आहे. कंपनीच्या पॅनेलवर आहे का तेही विचारलं, आहे. कागद स्वच्छ आहे.

तरी मला विचारशील तर तू दुसरा बघ. रजेवरच्या मॅडम कधी येणार ते विचार. किंवा सरळ इकडे ये, माझ्याकडे राहा, इथल्या एखाद्या हॉस्पिटलात करू. कार्ड इथे चालतं का ते मी बघते. घाई करून तारीख घेऊ नकोस. मागून घेऊ नकोस, कुणाला सांगून घेऊ नकोस. जी येईल ती येऊ दे.

तळलेलं खाऊ नकोस. कळ आली की गरम पाण्याची पिशवी घे.

तुझी
वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं. वरच्या अर्ध्या पानात म्हणतेस माणूस चोख आहे, खालच्या अर्ध्यात म्हणतेस त्याच्या वाऱ्याला उभी राहू नकोस. धड एक काहीतरी सांग ना! मला तर वाटतं, लेक परदेशी गेल्यापासून तुला घर खायला उठतं आणि तुला सोबत हवी आहे. तसं असेल तर तसं सरळ म्हण. त्यासाठी माझं पित्ताशय कशाला मध्ये आणतेस?

तरी तुझा मान राखायचा म्हणून गेले खिडकीवर. मॅडम सहा महिने येत नाहीत. कंपनीला फोन लावला. पाऊण तासाने एक जण बोलला. दुसऱ्या गावी करायचं तर सगळे कागद पहिल्यापासून, आणि पॅनेलवरचा डॉक्टर नको असेल तर लेखी कारण द्या, म्हणाला. मी काय कारण लिहू? वहिनी नको म्हणते?

दरम्यान ऑपरेशनआधीच्या तपासण्या झाल्या. हृदयाचा आलेख काढला, पट्ट्यावर चालवलं. तो डॉक्टर म्हणाला, "बाई, घोड्याचं हृदय आहे तुमचं." मी म्हटलं, अहो, नीट बघा, आमच्या घराण्यातच हृदय नाजूक आहे, माझा भाऊ त्यानेच गेला. त्याने परत बघितलं. म्हणे काही नाही. आता मला सांग, एका आईची दोन पोरं, दादाचंच तेवढं नाजूक कसं निघालं?

आणि ऐक, मी त्या भूलवाल्याला गाठलं. तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर लोखंडी बाकावर दहापासून एकपर्यंत ठाण मांडून बसले. नर्सने तीनदा उठवलं, मी तीनदा परत बसले. एक वाजता बाहेर आला. उंच, खांद्यात वाकलेला, डोक्यावरची टोपी हातात. खिशातून बिस्किटाचा पुडा काढून उभ्याउभ्या खायला लागला. मी समोर जाऊन म्हटलं, तुम्ही मला झोपवणार आहात, तर आधी ओळख करून घ्यावी म्हटलं. हसला नाही, पण हाकललंही नाही. बाकावर शेजारी बसला. वजन विचारलं, दात कवळीचे आहेत का विचारलं, कसली ॲलर्जी विचारलं. मग म्हणाला, "घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय?"

सांगितलं. दादाचं सगळं सांगितलं. त्याने हॉस्पिटल कुठलं ते विचारलं, साल विचारलं. मी दोन्ही सांगितलं. त्यानंतर तो बराच वेळ त्या पुड्याचा कागद दुमडत बसला. मग उठला आणि म्हणाला, "तुम्हाला भूल मी द्यावी का, हे आधी तुमच्या वहिनींना विचारा. त्या सांगतील तसं करू."

मी हो म्हणून निघाले. जिना उतरताना लक्षात आलं, मला वहिनी आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मी फक्त भाऊ म्हटलं होतं.

आता बोल.

बेबी


१ मार्च

बेबी,

बसून वाच. जवळ पाणी ठेव.

तोच तो. ह्यांना भूल त्यानेच दिली होती. तुझ्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि चिठ्ठी कपाटात टाकून आठवडाभर कपाट उघडलं नाही. गुडघा वगैरे काही धरला नव्हता.

ह्यांचं हृदय ठणठणीत होतं. श्वासासाठी जी नळी घालतात ती चुकून अन्ननलिकेत गेली आणि ते लक्षात यायला चार मिनिटं लागली. केसपेपरवर 'हृदयक्रिया अचानक बंद' असं लिहिलं गेलं. मी तेच तुला सांगितलं, तेच सगळ्यांना सांगितलं.

खरं मला त्यानेच सांगितलं. पंधरा दिवसांनी मी कामावर परत गेले, तर तो खाली रेकॉर्ड रूममध्ये आला. रॅकच्या मधल्या बोळात उभा राहून बोलला. तेव्हा वयाने बत्तीस-तेहतीसचा असेल. आदल्या दिवशी सकाळी कामावर आला होता, त्याच्या जागी येणारा आलाच नाही, हे त्या दिवशीचं आठवं ऑपरेशन होतं. म्हणाला, "मी थकलो होतो हे कारण आहे, सबब नाही. तुम्ही तक्रार करा. मी जे झालं ते लिहून देतो." रडला नाही, पाया वगैरे पडला नाही. मला त्याचा फार राग आला. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

मी तक्रार लिहिली. चार पानं झाली. त्यात एक जागा अशी आली की ऑपरेशन त्याच दिवशी, इतक्या उशिरा का ठेवलं ते लिहायला हवं. तिथे माझा हात थांबला. बेबी, ते मी ठेवायला लावलं होतं. ह्यांना तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली होती. माझी रजा त्याच आठवड्यात मंजूर झाली होती. मी थिएटरच्या सिस्टरकडे गेले आणि म्हटलं, घरचं माणूस आहे, एवढं बसवून द्या. त्यांनी यादीच्या शेवटी बसवून दिलं. वीस वर्षं मी तिथे नोकरी केली, कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. एकदा मागितलं ते हे.

पाचवं पान मी लिहिलं नाही. चार पानं माझ्याकडे आहेत. तक्रारीचा तो रकाना रिकामा आहे तो माझ्यामुळे, आणि मीच तुला लिहिलं की कागद स्वच्छ आहे. रकाना रिकामा म्हणजे काही घडलं नाही असं नसतं, कुणी लिहिलं नाही एवढंच असतं. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

आता तो कसा आहे, मला माहीत नाही. तू त्याच्याकडून भूल घे असंही मला म्हणवत नाही, घेऊ नकोस असं म्हणायला तोंड नाही. लेखी कारण हवं असेल तर हे पत्र कंपनीला दे. मी नाकारणार नाही.

वहिनी


१२ मार्च

बेबी,

पत्र मिळालं का? शिव्या दे, पण लिही. कळ कशी आहे? फोन केला तर तू उचलत नाहीस. शेजारच्या मास्तरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या दार उघडतात, दूध घेतात, बोलत नाहीत.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

अकरा वर्षं मी अळणी जेवले.

तू म्हणालीस घराण्याचं हृदय नाजूक, म्हणून मी मीठ सोडलं. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबले. फॅक्टरीत वरच्या मजल्यावरची बढती मिळत होती ती जिन्यापायी नाकारली. छातीत जरा धडधडलं की वाटायचं, आला, दादाचा आजार आला. आणि तुला सगळं माहीत होतं. माझ्या ताटात मीठ वाढलेलं नसायचं, ते तू समोर बसून बघत होतीस! कसं गं बघवलं तुला?

तारखेचं मला एवढं लागलं नाही, हे तुला खोटं वाटेल. तारीख मीही मागितली असती. घरच्यासाठी कोण मागत नाही? मला लागलं ते हे की तू मला परकं धरलंस. माझा भाऊ होता तो. त्याचं खरं मला एका बिस्किट खाणाऱ्या परक्या माणसाने सुचवावं?

तुझं पत्र आलं त्या दिवशी फाडणार होते. फाडलं नाही, फरशीवर बसून राहिले. तेरा तारखेला इतकी कळ आली की मास्तरीणबाईंनी रिक्षा करून हॉस्पिटलात नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं. तुला कळवायचं मनात नव्हतं. सर्जन चिडले. म्हणाले, आता खेळ पुरे, महिनाअखेर करायचं.

मग लेखी कारण लिहायला बसले. कागद घेतला, वर तारीख घातली. हा डॉक्टर नको, कारण... लिहिलं तर त्याचा रकाना भरेल, आणि तुझंही नाव त्यात येईल. त्याचं मला काही नाही, भरू दे. पण लिहायच्या आधी म्हटलं, तपासावं. टाके उलटून बघायची सवय जात नाही.

परत गेले तिसऱ्या मजल्यावर. तो आला. मी म्हटलं, वहिनीने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं." मी म्हटलं, एकच विचारते. त्यानंतर कधी असं सलग दोन दिवस उभं राहून कुणाला भूल दिलीत? म्हणाला, "नाही. झोप झाली नसेल तर मी सुईला हात लावत नाही. तसं म्हटलं की हॉस्पिटलांना आवडत नाही. दोन नोकऱ्या गेल्या." मी म्हटलं, इथे? म्हणाला, "इथेही कुरकुर चालू आहे."

वहिनी, मग मी तिथेच त्या कार्ड न घेणाऱ्या डॉक्टरलाही गाठलं. म्हटलं, पदरचे घालू, जीव मोठा. त्याला विचारलं, आदल्या रात्री झोपता का हो? तो खो खो हसला. म्हणाला, "काकू, आमच्या धंद्यात झोप कुठली!" त्याचाही कागद स्वच्छ असेल.

मी पहिल्याकडूनच घेतेय. तीस तारीख, यादीत पहिलं नाव. हे मी मागून घेतलं.

तुला माफ केलेलं नाही. होईल का ते माहीत नाही, मला सध्या रागावायचीही ताकद नाही. पण संमतीच्या कागदावर जवळच्या माणसाची सही लागते आणि मी तुझं नाव घातलंय. दुसरं आहे कोण? एकोणतीसला ये. मला सकाळी आत नेण्याआधी तू त्याला विचारायचंस, काल रात्री झोपलात का. तो जे सांगेल ते मला येऊन सांगायचंस. जसंच्या तसं.

बेबी


९ एप्रिल, सकाळ, तिसरा मजला

बेबी,

तू आत आहेस. मी तुझ्या त्या लोखंडी बाकावर बसलेय. शुद्धीवर आलीस की वाचशील म्हणून लिहिते, कारण तोंडाने बोलायला गेले की तू मध्येच तोडशील.

तीस तारखेचं तुला मी सगळं सांगितलं नाही. तुला मी एवढंच सांगितलं की तो म्हणाला, दोन तास झोपलो, पहाटे अपघाताची माणसं आली. तू ट्रॉलीवर उठून बसलीस, म्हणालीस, "चल, चप्पल दे." सर्जन ओरडले, खिडकीतली बाई ओरडली, मंजुरी रद्द झाली, आणि आपण रिक्षातून घरी आलो. त्यानंतरचे दहा दिवस तुला ठाऊकच आहेत. रोज खिडकी, रोज कंपनी, रोज नवा अर्ज, तुझी कळ. मी इतकी थकले आहे की आज पहाटे दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला घालून आले.

न सांगितलेलं हे. त्याने 'दोन तास' म्हटलं तेव्हा पुढे असंही म्हणाला, "त्यांना सांगा, आज नको. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगतो." थिएटरच्या दारापासून तुझ्या ट्रॉलीपर्यंत बावीस पावलं आहेत. मी मोजली. पहिली दहा-बारा पावलं मी खोटंच बोलणार होते. म्हटलं, त्याच्याआधी मी पोचतेय, 'छान झोपलाय' म्हणावं, तोही नको-नको म्हणत देईल भूल, आज सुटेल ही एकदाची. तुझ्या कळा बघवत नव्हत्या. परत त्या खिडकीवर उभं राहायचं त्राण नव्हतं. ह्यांच्या वेळीही मी असाच विचार केला होता, की एकदाचं उरकू दे. मग तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. तुझ्या तोंडावर काही नव्हतं, नुसती वाट बघत होतीस. मी खरं सांगितलं. पण बारा पावलं मी खोटीच होते, हेही तुला माहीत असावं. आता तुझ्यापासून काही ठेवायचं नाही असं ठरवलंय.

घरी आल्यावर तू भिंतीला टेकून झोपलीस आणि मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. इतकं सोपं होतं, बेबी. चप्पल घालायची आणि घरी यायचं. ह्यांना घेऊन मी अशीच परत आले असते, तर तीन आठवडे हे चिडचिड करत खाटेवर पडून राहिले असते, आणि आज हे पत्र लिहायला मला कारण नसतं.

पाचवं पान काल लिहिलं. तुझ्या टेबलावरच्या पाकिटात पाचही पानं आहेत. कौन्सिलला पाठवायची का, ते तू आणि मी बसून ठरवू. त्याला आज सकाळी सांगितलं. म्हणाला, "पाठवा. कागदावर असलेलं बरं."

आज त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, साडेसात तास. तुला मी तेच सांगितलं, अर्धा तासही वाढवला नाही. तू म्हणालीस, "मग ठीक." आणि तुला आत नेलं.

सव्वा तास झाला. सर्जन पाऊण तास म्हणाले होते. नर्सला विचारलं तर म्हणते, थांबा. त्या वेळीही थांबाच म्हणाल्या होत्या. बेबी, मला इथे बसवत नाही. उठून कुठे जाववतही नाही. अक्षर बिघडलंय, समजून घे. कुणीतरी दार

तो बाहेर आला. टोपी हातात होती. मी उठले, त्यानेच दंडाला धरलं. म्हणाला, "जाग्या झाल्यात. तुम्हाला बोलावतायत."

एवढंच वाक्य मला अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं. आज सांगितलं. तो म्हणे, तू आत भांडतेयस, वहिनी कुठे गेली म्हणून.

आले गं, आले.